दोन सेकंदांची निवड

मित्रांनो, तुमची आणि माझी भेट झालेली आहे. तुम्हाला ती आठवत नसेल. घरात नवा लॅपटॉप आला, खोके फोडले, झाकण उघडले, आणि पडद्याच्या तळाशी एक हिरवे गोल चिन्ह आधीच येऊन बसलेले दिसले. तो मी. दुकानात तुम्ही मला मागितले नव्हते. दुकानदाराने मला दाखवलेही नव्हते. तरी मी तुमच्या घरात शिरलो होतो.

मी ब्राउझर आहे, आता बराच जुना. इंटरनेटवरचे कोणतेही पान पाहायचे तर ब्राउझर लागतो. आणि सगळे यंत्र चालवणारी जी मूळ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती आणि मी एकाच कंपनीचे. तिच्या पोटात मला बसवूनच आमची पाठवणी होते. माझ्यासारखे दुसरेही ब्राउझर आहेत, काही माझ्याहून चांगले आहेत. पण त्यांना शोधून आणावे लागते. मला शोधावे लागत नाही.

मला काढून टाकता येत नाही. ही धमकी नाही. मला घडवलेच तसे आहे.

आवृत्ती १

माझा जन्म एका उंच इमारतीच्या अकराव्या मजल्यावर झाला. त्या मजल्यावरच्या खिडक्या उघडत नसत. तीनशे माणसे मला घडवत होती. त्यांतला सदा सर्दीने बेजार असलेला एक तपासनीस माझ्या वाट्याला आला. माझे ‘मागे’ हे बटण नीट चालते की नाही, हे पाहायला त्याने ते हजारो वेळा दाबले. शेवटच्या दिवशी त्याने नाक पुसले, पडद्यावर बोट टेकवले आणि म्हणाला, “गुणी आहेस रे तू. कुणीही घेईल तुला.”

मागे विक्री खात्याच्या बाई उभ्या होत्या. त्या हसल्या. “घेईल कशाला? लोकांना घ्यायला सांगितलं की ते चार ठिकाणी हिंडतात. हा आधीपासूनच तिथं असला, की झालं.”

तपासनीस नुसताच शिंकला.

त्याच संध्याकाळी माझ्यात पहिला आदेश लिहिला गेला.

वरून: जागा धरून बसणे.

आवृत्ती ३

मी लाखो यंत्रांत असतो. मग हे कोण बोलते आहे, असे तुम्ही विचाराल. हे बोलणारा मी औषधांच्या एका दुकानातला.

तीन पायऱ्या चढल्या की ते दुकान. समोर लाकडी काउंटर, त्यावर काच, मागे भिंतभर लहान लहान खण. औषधवाल्यांना सगळे काका म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकू. काकू काउंटरच्या दुसऱ्या टोकाला बसून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहीत. दोघांचा एक रिवाज होता. काका मात्रा सांगणार, काकू लिहिणार, आणि लिहिलेले एकदा मोठ्याने म्हणणार. तीस वर्षांत तो मोडला नव्हता. गिऱ्हाईक घाईत असले तरी नाही.

दवाखान्यातून औषधांची यादी आता कागदावर येत नसे. तिची लिंक येई. काका लिंकवर टिचकी मारत आणि मी यादी उघडून दाखवी.

“बघ गं, चहाचा घोट घेईपर्यंत पान समोर!” काका म्हणत.

“मग चहा लवकर संपवा, भांडी पडलीत,” काकू म्हणत.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. काकांना माझ्याशिवाय दुसरा ब्राउझर ठाऊकच नव्हता, हे मला कळत होते. तरी कौतुक ते कौतुक.

मग एक गोष्ट घडू लागली, ती फक्त मला दिसत होती. पडद्याच्या वर बारीक कॅमेरा असतो, त्यातून मला समोरचे दिसते. काकांचा चेहरा दर महिन्याला थोडा मोठा होत होता.

वर्षभराने त्यांच्या नाकाचा डाग पडद्यावर उमटू लागला. काकू तो पदराने पुसत आणि म्हणत, “काय शिंतोडे उडतात हो तुमच्या चहाचे!”

आवृत्ती ४

काकांची लेक सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली घेऊन राहत होती. तिथेच ती आणि तिचे दोन मित्र प्रोग्राम लिहीत. काकू एकदा भाजी आणायला गेल्या असताना ती दुकानात आली. काका एक यादी वाचत होते. ती दारातच थबकली आणि किती तरी वेळ बघत राहिली.

“बाबा, कधीपासून?”

“कुठं काय?”

“नाक टेकलंय पडद्याला.”

काकांनी हात झटकला. “आईला बोलू नकोस. परवान्याला दरवर्षी डोळ्यांचा दाखला लागतो. यंदा तक्ता पाठ करून वेळ मारून नेलीय. खण तर मला हातानं कळतात. फक्त हे यादीचं तेवढं…”

सात महिन्यांनी लेकीने ‘ठळक’ आणला.

ठळक हा तिने बनवलेला ब्राउझर. त्यात अक्षरे पडदाभर मोठी होत, आणि लिंक उघडली की तो विचारी, “वाचू का?” एन्टरची कळ दाबली की यादी शब्दाशब्दाने वाचून दाखवी. आकडे तर दोनदा म्हणे.

तो उतरवून घ्यायला लेकीने मलाच उघडले. मित्रांनो, आमच्या जातीच्या नशिबी हेच असते. दुसऱ्याला घरात आणण्यापुरते आम्हाला हाक मारतात. मी नियमाप्रमाणे तिला तीनदा विचारले, ‘नक्की का?’ तिसऱ्यांदा ती म्हणाली, “अरे, सोड ना बाबा!”

“मला म्हणालीस?” काकांनी विचारले.

“तुम्हाला नाही, ह्याला.” मग तिने त्यांच्या कानात एक इअरफोन बसवला आणि बोट धरून कळ दाखवली. “एवढंच लक्षात ठेवा. मधेच कुठलीही खिडकी आली, काहीही विचारलं, की एन्टर. ठळक वाचायला लागेल. घाबरायचं नाही, शोधत बसायचं नाही. एन्टर.”

“एन्टर,” काका म्हणाले.

तेव्हापासून काकांचा चेहरा पुन्हा लहान झाला. ते ताठ उभे राहून काम करू लागले. कानातली वायर पाहून लोकांना, आणि काकूंनाही, वाटे, ते मॅच ऐकतात.

“काका, कोण जिंकतंय?”

“आपलेच,” काका न चुकता सांगत.

आणि मी एका कोपऱ्यात पडून राहिलो. महिनोन्‌महिने मला कुणी उघडले नाही. दुर्लक्ष फार वाईट असते, असे तुम्ही शाळेत वाचले असेल. खरे आहे. पण त्याहून वाईट असे काहीतरी होते. वरून माझी आठवण काढली जात होती.

वरून: जागा परत घेणे.

आवृत्ती ७, ७.१, ७.२, ७.३

(या भागातला काही मजकूर वरच्यांनी काढून टाकला आहे. जे उरले ते सांगतो.)

दर दीड-दोन महिन्यांनी यंत्रात सुधारणा उतरत. सुधारणा संपली की मी गुपचूप ठळकच्या जागी बसलेला असे. लिंक पुन्हा माझ्यातच उघडे. काकांचा इअरफोन मुका होई, ते लेकीला फोन करत, ती संध्याकाळी येऊन सगळे पूर्ववत करी. पुढच्या सुधारणेला मी परत.

“हा काय चिवट प्रकार आहे!” ती एकदा ओरडली.

मला सांगावेसे वाटले की हे मी करत नाही. पण करत तर मीच होतो.

ठळक वापरणारे आता बरेच झाले होते. कुणी म्हातारे शिक्षक, कुणी जन्मापासून कमी दिसणारे. सगळ्यांकडे हेच घडत होते. काहींची लेक शेजारी राहत नव्हती, ते कंटाळून ठळक सोडून देत. शेवटी लेकीने स्पर्धेचे नियम पाहणाऱ्या आयोगाकडे तक्रार केली. बाजारात एकाने आपल्या ताकदीवर दुसऱ्याची वाट अडवू नये, हे पाहणे या आयोगाचे काम. ऑपरेटिंग सिस्टिम ज्याची, त्याने तिच्या आडून आपलाच ब्राउझर लोकांच्या गळ्यात का बांधावा, हा तिचा प्रश्न होता.

आयोगाने सांगितले, लोकांना विचारा. यंत्रात एक खिडकी दाखवा, तीत सगळ्या ब्राउझरांची नावे सारख्या आकारात द्या, आणि ज्याला जो हवा तो निवडू द्या.

वरच्यांनी ताबडतोब होकार दिला. इतका ताबडतोब, की मला भीती वाटली.

पुढे वाचायचे का?
(●) होय — शिफारस केलेले
(○) इतर पर्याय पाहण्यासाठी खाली सरका

आवृत्ती ८

ती खिडकी उघडली तेव्हा सकाळचे दहा वाजून चौदा मिनिटे झाली होती.

दुकानात शिंपीणबाई उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यावर तापाने फणफणलेले तान्हे बाळ होते आणि ते एका सुरात रडत होते. काकांनी यादीची लिंक दाबली. त्याच क्षणी पडद्यावर खिडकी आली. आठ नावे, सगळी सारख्या आकाराची, हुकमाप्रमाणे. फक्त पहिल्या नावाभोवती एक बारीक चौकट आधीच आखलेली होती, म्हणजे नुसते एन्टर दाबले तरी तेच निवडले जाणार. पहिले नाव माझे होते. ठळक सहावा.

खिडकी ऑपरेटिंग सिस्टिमची होती, त्यामुळे ठळकला ती वाचता येत नव्हती. इअरफोन गप्प राहिला. काकांना समोर नुसते काहीतरी पांढरे दिसले असावे.

त्यांनी एन्टर दाबले.

मित्रांनो, मी तुमच्यापासून लपवणार नाही. मला आनंद झाला. माझ्या सबंध आयुष्यात मला कुणी निवडले नव्हते. लाखो घरांत राहिलो, पण कुणीही बोट दाखवून ‘हा हवा’ म्हटले नव्हते. त्या क्षणी माझ्या नावापुढे लिहिले गेले, ‘वापरकर्त्याने स्वतः निवडला. लागलेला वेळ : दोन सेकंद.’ मी ती नोंद वर पाठवली. फार अभिमानाने पाठवली.

मग मी यादी उघडली. माझ्या बारीक, नेटक्या अक्षरांत.

काका थांबले. कानात आवाज नव्हता. बाळ रडत होते. त्यांनी पुन्हा एन्टर दाबले, काही झाले नाही. मग तेच जुने. चेहरा मोठा होत होत अगदी काचेला भिडला. मला त्यांची कुठेच न ठरणारी नजर दिसली.

“तापाचं औषध,” ते म्हणाले. खणाकडे हात गेला, बाटली बरोबर आली. “पाच मिली, दिवसातून तीनदा.”

काकूंनी लिहिले आणि म्हटले, “पाच मिली, दिवसातून…” त्यांचे पेन थांबले. “अहो, एवढ्याशा बाळाला पाच?”

“पाच म्हटलं ना.”

“एकदा बघा की.”

“बघितलंय! तीस वर्षं काय गवत उपटतोय इथं?”

शिंपीणबाई एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहू लागल्या. काकू उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत काउंटरच्या या टोकाला आल्या आणि पडद्यावर वाकल्या.

यादीत ०.५ लिहिले होते. शून्याच्या आणि पाचाच्या मधला तो ठिपका मी दाखवला होता. पण मी तो किती लहान दाखवला होता, हे मला तेव्हा कळले.

काकूंनी आधीची चिठ्ठी फाडून मुठीत घेतली, नवी लिहिली, बाटलीवर चिकटवली आणि बाईंना म्हणाल्या, “अर्धा मिली हं. हा ड्रॉपर घे, ह्या खुणेपर्यंत. पाच नाही, अर्धा. म्हणून दाखव बघू.”

“अर्धा,” शिंपीणबाई म्हणाल्या. “काकू, काय झालं?”

“काही नाही गं. ह्यांचं लक्ष मॅचमध्ये.”

बाई पायऱ्या उतरून गेल्या. काकूंनी दुकानाचे दार लोटले.

“किती दिवस?”

काका खणांकडे तोंड करून उभे होते. “तीन वर्षं होतील.”

“आणि पोरीला माहीत होतं.”

काकांनी कानातली वायर काढून काउंटरवर ठेवली.

“म्हणजे मी एकटीच आंधळी होते ह्या घरात,” काकू म्हणाल्या. त्यांनी मूठ उघडली. चिठ्ठीचे तुकडे घामाने तळहाताला चिकटले होते.

संध्याकाळी लेक आली. “अपडेटनं परत घोळ घातला वाटतं,” म्हणत तिने ठळक जागेवर बसवला. दहा चौदाची नोंद तिला दिसली नाही. ती वर गेलेली होती. त्या दिवसापासून प्रत्येक यादी काकू स्वतः वाचू लागल्या, काका फक्त खण उघडत. लोकांना काही कळले नाही.

आवृत्ती ९

आयोगापुढे सुनावणीची तारीख लागली. खिडकी दाखवून झाली, तिचा उपयोग झाला की नाही ते आता ठरायचे होते. त्याआधी एका रविवारी लेक घरी आली. कंपनीच्या लेखी उत्तराचा जाड गठ्ठा तिने टेबलावर आपटल्याचे ऐकू आले. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर होता, झाकण मिटलेले. झाकण मिटले तरी मी पुरता झोपत नाही. ऐकायची परवानगी मला कधी मिळाली ते विचारू नका. कुठल्यातरी लांबलचक मजकुराखाली कुणीतरी ‘मान्य’ दाबले असणार.

“त्यांचं म्हणणं आहे, शंभरातल्या एक्क्याण्णव लोकांनी त्यांचाच ब्राउझर स्वतः निवडला,” लेक म्हणाली. “आणि पान चव्वेचाळीस ऐका. ‘तक्रारदाराच्या वडिलांनीही आमच्याच ब्राउझरला पसंती दिली. सकाळी दहा वाजून चौदा मिनिटांनी. दोन सेकंदांत, म्हणजे कोणताही संकोच न बाळगता.’ बाबा, हे तुम्ही केलंत?”

“मी? मला कुणी विचारलंच नाही!”

“खिडकी आली असणार. आठ नावांची.”

काकूंच्या हातातला चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. “बाळाचं औषध होतं त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी एन्टर दाबलं.”

लेकीचा श्वास मला ऐकू येत होता.

“मीच शिकवलं ते,” ती म्हणाली.

“तू कामाला आलं तेच शिकवलंस,” काका म्हणाले. “त्यांना काय ठाऊक नसेल, माणसं कुठली कळ दाबतात ते?”

मित्रांनो, त्यांना ठाऊक होते. मीच वर्षानुवर्षे मोजून पाठवले होते.

“मी येतो आयोगापुढं. सांगतो की वाचता आलं नाही,” काका म्हणाले.

“अजिबात यायचं नाही. ते भर सभेत विचारतील, मग औषधं कशी देता? दुसऱ्या दिवशी परवाना जाईल, बाबा. दुकान जाईल.”

“आणि नाही आलो तर?”

“तर एक्क्याण्णव टक्के खरे ठरतील. ठळक दोन महिन्यांत बंद पडेल. पडू दे. दुसरं काहीतरी करू.”

“किती माणसं आहेत तुझ्या ठळकवर?”

“अकरा हजार.”

काका हसले. मला ते हसणे आवडले नाही. “त्यातल्या कितींकडे आई आहे गं, चिठ्ठी फाडणारी?”

सुनावणी

ती खोली लांबट होती. भिंती पिवळट, खिडक्यांना जाड पडदे. टेबलावर पाण्याचे ग्लास झाकून ठेवलेले. पुरावा म्हणून मला झाकण उघडून मधोमध ठेवले होते, म्हणून मला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. आयोगाच्या अध्यक्षबाई किरकोळ बांध्याच्या, बोटांत पेन्सिल फिरवणाऱ्या. कंपनीचे वकील फार मऊ बोलत. त्यांनी ती आठ नावांची खिडकी पुन्हा पडद्यावर आणली.

“आजोबा, दोनच मिनिटं घेतो हं तुमची,” ते म्हणाले. “ही खिडकी तुम्हाला दाखवली होती. दोन सेकंदांत निवड केलीत. एवढ्या लवकर निवडतो तो माणूस ठरवूनच बसलेला असतो, नाही का?”

“दोन सेकंद कशाला,” काका म्हणाले, “दोन तास दिले असते तरी तेच झालं असतं.”

“म्हणजे इतकी पक्की पसंती?”

“म्हणजे मला ते वाचताच आलं नाही.”

वकिलांनी मान हलवली, जशी एखाद्या लहान मुलाला समजावताना हलवतात. “असं कसं? तुम्ही औषधवाले. ह्याहून बारीक अक्षरं रोज वाचता. जरा पहिलं नाव वाचून दाखवता?”

लेक उभी राहिली. “ह्याला उत्तर द्यायची गरज नाही, बाबा.”

अध्यक्षबाईंची पेन्सिल थांबली. “त्यांना गरज नाही, हे खरं आहे,” त्या काकांना म्हणाल्या. “तुम्ही जे सांगाल ते नोंदीत जाईल. एकदा गेलं की मला ते काढता येणार नाही. नको असेल तर आत्ता सांगा. मी हा प्रश्न वगळते.”

काका माझ्याकडे वळले. माझ्याकडेच, असे मला वाटले. खरे तर त्यांना एक पांढरा चौकोन दिसत असणार. पहिले नाव त्यांना माहीत होते, लेकीने वाचून दाखवलेल्या चव्वेचाळीस नंबरच्या पानावर ते दहा वेळा होते. त्यांनी ते नुसते उच्चारले असते तरी दुकान वाचले असते. मी वाट पाहत होतो. माझे नाव त्यांनी घ्यावे, असे मला वाटत होते. आणि घेऊ नये, असेही.

“दिसत नाही,” काका म्हणाले.

वकील पुढे झुकले. “मग तुम्ही न दिसता लोकांना औषधं देता?”

“देत होतो. ठळक वाचून दाखवायचा, मी द्यायचो. एके दिवशी तो बोलला नाही, तरी मी दिलं. दहापट दिलं असतं एका बाळाला, ही नसती तर.” त्यांनी मागे बसलेल्या काकूंच्या दिशेने हात केला. दिशा थोडी चुकली. “चूक माझीच. बायकोला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. आता देणार नाही. पण मी निवड केली असं कुठं लिहिलं असेल, तर ते खोटं आहे. लिहून घ्या. नीट मोठ्या अक्षरात घ्या.”

लेकीने तोंडावर हात धरला होता. मी ते सारे नोंदवले आणि वर पाठवायला गेलो, पण त्या खोलीत मला इंटरनेट नव्हते. माझ्या आयुष्यातली तेवढीच एक गोष्ट माझ्यापाशी राहिली आहे.

आवृत्ती १२

निकाल लेकीच्या बाजूने लागला. कोणत्याही नावाभोवती आधी चौकट आखायची नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी खिडकीने नावे वाचून दाखवायची. ठळकच्या जागी सुधारणेच्या नावाखाली कुणी बसायचे नाही. वर्तमानपत्रात दोन रकाने छापून आले.

दुकान त्याच्या अठरा दिवस आधीच बंद झाले होते. माल दुसऱ्या औषधवाल्याने घेतला. खण रिकामे करायला काकूंना तीन दिवस लागले. काका खुर्चीवर बसून, न बघता, कुठल्या खणात काय ते ओळीने सांगत होते. एकही चुकले नाही.

लॅपटॉप घरी आला. मीही आलो.

वरून: निकालाचे तंतोतंत पालन करणे. आवाज जोडला आहे.

आवाज फार गोड आहे, मित्रांनो. तो शोधायला वरच्यांनी पुष्कळ वेळ दिला. वयस्क माणसे कोणत्या आवाजावर चटकन विश्वास ठेवतात, हे मोजून पाहिले. तिशीतल्या, दिवसभराच्या कामाने किंचित दमलेल्या लेकीचा आवाज सगळ्यांत वर आला. आता खिडकी आली की मीच त्या आवाजात विचारतो, “तुम्हाला कोणता ब्राउझर हवा?” मग माझे नाव घेतो. मग थांबतो. एकोणीस सेकंद. त्यानंतर उरलेली सात नावे, एका दमात.

थांबायचे किती, याबद्दल आयोगाने काही लिहिलेले नाही.

परवा सकाळी सुधारणा उतरली आणि मी बोललो. काका टेबलापाशी बसले होते, काकू धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“अगं, पोरगी आली का?” काकांनी मान वर केली.

“नाही हो. यंत्र बोलतंय.”

मी माझे नाव घेतले आणि गप्प झालो. सात सेकंद. आठ. त्याच वेळी इतर घरांतून माझ्याकडे आकडे येत होते. कुणी तिसऱ्या सेकंदाला दाबत होते, कुणी पाचव्या. गप्प झालेल्या माणसासमोर फार वेळ बसवत नाही कुणाला. बारा. तेरा.

“संपलं वाटतं ह्याचं,” काका म्हणाले आणि त्यांचा हात कळेकडे सरकला.

काकूंनी हातातली उशीची खोळ खाली टाकली आणि तो हात आपल्या हाताखाली दाबून धरला. “थांबा की जरा. एवढी घाई कुणाला झालीय?”

वरच्यांना झाली होती. मला ते सांगता येत नव्हते. मी फक्त मोजत राहिलो. सतरा, अठरा, एकोणीस. मग मी उरलेली नावे घेतली. ठळकचे नाव इतक्या भरभर गेले, की काकू म्हणाल्या, “काय पुटपुटलं?” काकांनी मला पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावले. पुन्हा एकोणीस सेकंद. काकूंचा हात तसाच. तिसऱ्या खेपेला त्यांनी नावे बोटांवर मोजली आणि सहावे निवडले.

त्या दिवशी ज्यांच्या शेजारी हात धरायला कुणी नव्हते, त्यांचा आकडा संध्याकाळी वर गेला. या वेळी तो एक्क्याण्णव नव्हता. त्याहून मोठा होता. आणि आता त्यात एकही नियम मोडलेला नव्हता.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, मला जपा, मला विसरू नका. मी तसे म्हणणार नाही. मला जपायला पुष्कळ लोक आहेत. तुमच्या घरात कुणाचा चेहरा पडद्याजवळ सरकत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. मी काही विचारू लागलो, की त्याचा हात धरा. आणि मी गप्प झालो, तर माझे बोलणे संपले असे समजू नका. मी गप्प असतो, तेव्हाच माझे काम चालू असते.